वाढीव पट्टी

गाडी उंच करायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. खापर बायकोवर फोडायचं म्हणून नव्हे, खापर फोडायला माझं डोकं पुरेसं आहे. पण लोक, आणि लोकांत सगळ्यात पुढे माझी थोरली मेहुणी, असं धरून चालतात की बायको आजारी पडली आणि या बाबाला गाडीचे डोहाळे लागले. आम्ही दोघंही तिला अक्का म्हणतो. अक्काची जीभ म्हणजे कात्री आहे. तरी या प्रकरणात ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती, आणि मला तिचा राग येतो तो त्याचाच.

मी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. बायको जमिनीची मोजणी करायची. आमचं जमलं तेच मुळी बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये ती तिपाई आणि मोजपट्ट्या घेऊन अडकली होती. मी वरून दार फाकवलं, तर आतून घाबरलेला आवाज नाही की रडारड नाही. म्हणाली, "पावणेदोन फूट खाली थांबलीय तुमची लिफ्ट." नंतर मी मोजलं, पावणेदोनच होतं. तेव्हापासून मी तिला साहेब म्हणतो आणि ती मला मिस्त्री.

गाडी आमची चौकोनी, जुनी, चारही चाकांनी ओढणारी. आठवडाभर माझी हत्यारं, तेलाचे डबे आणि केबलची वेटोळी वाहायची. घरचा किराणाही तीच आणायची. रविवार मात्र साहेबांचा. स्टिअरिंगवर ती आणि शेजारी मी, दार धरून, जीव मुठीत घेऊन. डोंगरात एक तळं आहे, तिथे जाणारी वाट तिनेच नोकरीच्या पहिल्या वर्षी मोजली होती. त्या वाटेवर ती अशी चालवायची की मला स्वयंपाकघरात तिच्याशी भांडण उकरून काढायची हिंमत होत नसे.

मग तिच्या मांडीतलं बळ जायला लागलं. आधी जिना जड झाला, मग क्लच. स्नायूंचा आजार, डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं आणि औषध मात्र सांगितलं नाही. मी विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, या वर्षअखेरपर्यंत घरात चालतील, पुढचं सांगता येत नाही. त्यानंतर एकदा आम्ही तळ्याकडे निघालो, या वेळी मी चालवत होतो. मधल्या काळात पाण्याने वाट खाऊन टाकली होती. तळ्याच्या थोडं अलीकडे खडकाची एक पायरी उघडी पडली होती, आणि तिच्यावर गाडीचं पोट टेकलं. चाकं हवेत गरगरली. ती खाली उतरली, तेव्हा उतरू शकत होती, पोटाखाली टेप धरली आणि म्हणाली, "तीन इंच कमी पडतात, मिस्त्री."

कल्पना तिची, ती एवढीच. तीन इंच. बाकीचं सगळं माझं.

मी पाटेवाल्याकडे गेलो. हा माणूस चाळीस वर्षं गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्या-पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवतो आणि बोलायच्या आधी प्रत्येक वेळी हात पुसतो. तो म्हणाला, "दोन रस्ते आहेत. नवे लांब पाटे मागवायचे, मऊ बसतील, पण यायला चार-पाच महिने. नाहीतर आहे त्या पाट्यात एक पट्टी वाढवायची. गाडी उचलेल, पण कडक होईल. रोजच्या गाडीला मी पट्टी सांगत नाही."

"चार-पाच महिने नाहीत माझ्याकडे," मी म्हणालो.

त्याने हात पुसले. "घाई कुणाला आहे, गाडीला की तुम्हाला?"

"पट्टी वाढवा," मी म्हणालो.

आता रोजची गाडी म्हटल्यावर ती गॅरेजमध्ये सोडता येत नाही. सोमवारी सकाळी मला कामावर जायचं, आणि दुपारी साहेबांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं. म्हणून काम रविवारी करायचं आणि संध्याकाळपर्यंत गाडी चालती करून बाहेर काढायची, असं ठरलं. असे पाच रविवार लागले. पहिल्या रविवारी पुढचे पाटे झाले, मागचे राहिले. आठवडाभर गाडी नाक वर करून गावभर फिरली. अक्का म्हणाली, "मालकावर गेलीय." दुसऱ्या रविवारी मागचे झाले. तिसऱ्यात लांब शॉकअप आणि ब्रेकचे लांब पाइप घातले. पाइप पुरतात की नाही हे चाकं जमिनीवर असताना कळत नाही. गाडी उचलून चाकं लोंबकळू द्यायची आणि मग बघायचं. मी ते चार-चारदा बघितलं. चौथ्या रविवारी मोठे टायर आले, आणि दाराखालचं पायदान काढून टाकलं, कारण ते खडकाला अडलं असतं. पाचव्यात पोटाखाली लोखंडी पत्रा लावला, चाकं सरळ केली आणि हेडलाइट खाली वळवले, कारण समोरून येणारे शिव्या देत होते. एकही नट मी अंदाजाने आवळला नाही. पाटेवाला म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे नोकरीला या." मला बरं वाटलं. फार दिवसांनी कुठलीतरी गोष्ट माझ्या हातून दुरुस्त होत होती.

त्या पाच रविवारी साहेब घरी होती. खिडकीपाशी खुर्चीत, हनुवटीला हात लावून बसायची. ती हल्ली तशीच बसायची, मला वाटायचं विचार करतेय. मी संध्याकाळी काळ्या हातांनी येऊन आज काय काय झालं ते सांगायचो आणि ती नेमके प्रश्न विचारायची. "पत्र्याने वजन किती वाढलं? पोट परत किती खाली बसलं?" मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून करतोय.

दर सोमवारी दवाखान्यात जाताना तिला गाडीत चढायला मागच्या सोमवारपेक्षा जास्त वेळ लागायचा. मी समजायचो, आजार. अर्धा आजार होता, अर्धा मी होतो. गाडी एका बाजूने वर चालली होती आणि तिचं पाऊल दुसऱ्या बाजूने खाली, आणि मला त्यातलं एकच दिसत होतं.

पाचव्या रविवारनंतरचा सोमवार आला. गाडी दारात उभी. रुबाबदार दिसत होती, खोटं कशाला बोलू. साहेबांनी दाराची मूठ धरली आणि पाऊल उचललं. पायदान नव्हतं. आदल्या सोमवारी ती मूठ ओढून कशीबशी चढली होती. पाऊल कडेच्या बरंच खाली येऊन थांबलं आणि परत जमिनीवर गेलं. तिने पुन्हा उचललं. मग ती हसायला लागली. "मिस्त्री," ती म्हणाली, "सगळं मोजलंस रे. मला कुठे धरलंस?"

माझ्या तोंडात कुणीतरी फाडकन मारल्यासारखं झालं. इतर कुणी ही चूक केली असती तर समजू शकलो असतो. अहो, माझा धंदा आहे हा! लिफ्ट मजल्याला थांबते तेव्हा तिची जमीन आणि मजल्याची जमीन एका पातळीत आली पाहिजे, त्यासाठी मला पगार मिळतो. बोटभर वरखाली राहिली तरी म्हातारं माणूस अडखळतं. हे मी नव्या लोकांना वीस वर्षं शिकवतोय. माणूस चढतं कुठून ते आधी बघा, यंत्र नंतर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी खडकाची पायरी मोजली आणि बायकोची विसरलो.

तिला दोन्ही हातांनी उचलून आत बसवलं. तिला ते आवडलं नाही. दवाखान्यापर्यंत ती बाहेर बघत राहिली. तिथे व्यायाम घेणाऱ्या बाई लाकडी ठोकळे रचून पाऊल किती उचलतं ते बघतात. त्या दिवशी एक ठोकळा काढावा लागला.

अक्का संध्याकाळी आली. तिने उभ्या-उभ्याच मला धुतलं. "घरात न्हाणीला उंबरठा आहे तो काढ म्हणून तीन महिने सांगतेय. तो तसाच. आणि हा डोंगर चढायला निघालाय! अरे, तिला तळं हवंय की तुला?"

"तिला विचार," मी म्हणालो.

अक्काने विचारलं. साहेब म्हणाली, "मला जायचंय." मग जरा थांबून, "त्याने एवढं केलंय तर."

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. याबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

पुढचे सहा दिवस मी कामावरून आल्यावर एक पायरी बनवली. जाड पत्र्याची, दोन खिळींवर अडकणारी, चढताना लावायची आणि चढल्यावर काढून आत टाकायची. गाडी कडक झाली होती, दर खड्ड्यात मागून लाथ बसायची. त्यावर उपाय म्हणून मागे वाळूची चार पोती टाकली. वजन पडलं की पाटे जरा नमतात. टायरमधली हवाही कमी करायची ठरवली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. चुकलं होतं ते फक्त मूळ गणित.

रविवारी सकाळी निघालो. पायरी लावूनही मला एक पाऊल हाताने उचलून ठेवावं लागलं, पण ती चढली. दोन खिळी काढल्या, पायरी आत टाकली. हवा छान होती. थर्मासमध्ये चहा होता. डांबरी रस्त्याला ती मजेत होती, माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवत होती. "क्लचवर पाय ठेवून झोपतोस का रे?" मला वाटलं, जिंकलो.

कच्ची वाट लागली तिथे टायरची हवा सोडली. वाट मऊ लागेल म्हणून मी सावकाश घेत होतो. तरी मागचे पाटे उसळायचे. सवयीच्या माणसाला ते काहीच नाही, मान आपोआप सावरते. माझी सावरत होती, म्हणून माझं लक्षच गेलं नाही. खडकाच्या पायरीपाशी आलो. साहेब सांगत होती, "डावं चाक त्या काळ्या दगडावर. सोड. आता थांबू नको." गाडी चढली. पोटाखाली खरचटल्याचा आवाजसुद्धा नाही. तीन इंच पुरले. मी ओरडलोच. टाळीसाठी हात पुढे केला आणि तिच्याकडे बघितलं.

तिचं डोकं छातीवर पडलं होतं. शुद्ध होती, डोळे उघडे होते. पण मान उचलता येत नव्हती. दोन्ही हातांनी ती समोरची मूठ धरून बसली होती, त्यामुळे हनुवटीला लावायला हात शिल्लक नव्हता. तेव्हा मला कळलं की खिडकीपाशी ती विचार करत बसायची नाही. डोकं धरून बसायची. पाच आठवडे माझ्या डोळ्यांसमोर.

मी गाडी थांबवली. तिचं डोकं उचलून मागे टेकवलं, माझं जाकीट गुंडाळून मानेत घातलं. जीभ चावली होती, ओठाला रक्त होतं. "सांगायचं नाही का?" मी ओरडलो. बायकोवर, अशा वेळी. असा मी माणूस आहे.

"सांगितलं असतं तर थांबवली असतीस," ती म्हणाली. "किती राहिलंय?"

"किलोमीटरभर. परत फिरू या."

"इथून फिरवणार कुठे? वर जाऊन फिरवावी लागते. मीच मोजलीय ही वाट." श्वास घेऊन ती म्हणाली, "आधी पायी जा आणि पुढची वाट बघून ये. अजून पायरी असेल तर मला नाही झेपायचं."

तिला सोडून जायचं नव्हतं. पण तिचं बरोबर होतं, आणि साहेबांनी सांगितलं की मी ऐकतो. तिला नीट बसवलं, पट्टा आवळला, पण ती म्हणाली छातीला लागतोय, म्हणून जरा सैल केला. आणि धावत सुटलो. वाट खराब होती, पण पायरी नव्हती. वळणावर तळं दिसलं. शांत होतं, नेहमीसारखं. मी तिथे अर्धा मिनिट उभा राहिलो. मला काहीही वाटलं नाही. एवढ्यासाठी? असं फक्त मनात आलं.

जाऊन-येऊन अर्धा तास गेला असेल. परत आलो तर शेजारच्या सीटवर ती दिसेना. मी दार उघडलं. गाडी उतारावर एका अंगाला कलती उभी होती, मीच केली होती. सैल पट्ट्यातून घसरत ती माझ्या सीटवर आडवी झाली होती. गिअरचा दांडा बरगडीत रुतला होता आणि तोंड सीटमध्ये दाबलं गेलं होतं. एक हात अंगाखाली अडकला होता आणि दुसऱ्याने उठायचा जोर तिच्यात नव्हता. किती वेळ तशी होती ते मी विचारलं नाही. मी तिला उचललं, तेव्हा ती लहान मुलासारखी धापा टाकत होती.

जरा वेळाने म्हणाली, "आहे का तळं?"

"आहे."

"जाऊ या परत."

"साहेब, किलोमीटर..."

"मिस्त्री, जाऊ या."

वर जाऊन वळवावीच लागली. वळवताना तळं तिच्या बाजूच्या खिडकीत आलं असणार. एका हाताने मी तिचं कपाळ मागे धरून ठेवलं होतं आणि एका हाताने स्टिअरिंग. तिने डोळे मिटून घेतले होते.

सोमवारी मी रजा घेतली. गाडी पाटेवाल्याकडे नेली आणि म्हणालो, सगळं काढा. त्याने हात पुसले आणि कामाला लागला. पट्ट्या काढल्या, जुने टायर आणि पायदान परत लावलं. पाच रविवारांचं काम दोन दिवसांत उतरलं. उतरवायला काय लागतं. वाळूची पोती मी न्हाणीचा उंबरठा फोडून तिथे उतार करायला वापरली. अक्का बघत उभी होती. एरवी तिने वरातीमागून घोडं म्हटलं असतं. या वेळी ती वाकून फोडलेले तुकडे गोळा करायला लागली, त्याने जास्त लागलं.

साहेबांच्या बरगडीला मुका मार होता, डॉक्टरांनी दोन आठवडे पडून राहायला सांगितलं. पडून राहिलं की असल्या आजारात माणूस आणखी उतरतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा सोमवार आला. गाडी दारात उभी, जशी होती तशी, अकरा वर्षं जिच्यात ती टुणकन चढायची ती. मी पायदान कपड्याने पुसून ठेवलं होतं. अक्काने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. साहेबांनी पाऊल उचललं. ते पायदानाच्या खालीच थांबलं. मी वाकलो, ते हाताने उचलून पायदानावर ठेवलं. म्हणालो, "आता जोर लाव." तिने लावला. तिच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. दुसरं पाऊल जमिनीवरून हललं नाही.

"पुन्हा," मी म्हणालो.

"पुरे कर," अक्का मला म्हणाली. आवाज चढवला नाही. तिने आतून खुर्ची आणली, आम्ही साहेबांना फाटकापाशी बसवलं, आणि अक्का दवाखान्याची चाकाच्या खुर्चीची गाडी मागवायला फोन करायला आत गेली.

मी गाडीचं दार लावलं. मग परत उघडलं, कारण काहीतरी करायला हवं होतं, आणि पायदानाचे नट चाचपून बघायला लागलो. घट्ट होते. साहेब एका हाताने हनुवटी धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "यालाच अजून एक खालची पायरी जोडतो. वेल्डिंग करून. उद्या संध्याकाळपर्यंत..."

"मिस्त्री," ती म्हणाली, "इकडे ये."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

"पहिल्या रविवारी तू गाडी घेऊन गेलास ना, तेव्हा मी माझी मी चढत होते."

"हो."

"तळं राहू दे. नुसतं इकडेतिकडे फिरलो असतो रे. पाच रविवार होते."

आतून अक्काचा आवाज येत होता, ती फोनवर पत्ता सांगत होती. मी हो म्हणालो.